यादीबाहेरचा रहिवासी

टोकियो शहरात निवडणूक जवळ आली, हे वर्तमानपत्रांच्या अगोदर रस्त्याकडेचे फलक सांगतात. एखाद्या सकाळी उद्यानाच्या कुंपणापाशी, प्राथमिक शाळेच्या भिंतीला लागून किंवा नदीच्या बांधाखालच्या मोकळ्या पट्टीत कंत्राटदाराची माणसे येऊन खुंट ठोकतात, त्यांवर प्लायवूडची लांबरुंद फळी बसवितात, आणि संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या माणसाला तेथे सारख्या मापाचे, क्रमांक घातलेले, परंतु संपूर्ण रिकामे असे चौकोन ओळीने आखलेले दिसतात. अर्ज दाखल करण्याच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ज्याला जो क्रमांक मिळेल त्याच चौकोनात त्याने आपले चित्र चिकटवावयाचे, असा येथील शिरस्ता असल्यामुळे, सत्तारूढ उमेदवार असो वा पदरचे पैसे घालून उभा राहिलेला एखादा अपरिचित निवृत्त गृहस्थ असो, दोघांच्या वाट्याची जागा तसूभरही कमीजास्त नसते. भिंतीमागून भिंत रंगवून काढणाऱ्या आणि चौकाचौकांत कमानी उभारणाऱ्या प्रचाराची ज्याला लहानपणापासून सवय, त्या माझ्यासारख्या माणसाला ही समता प्रथमदर्शनीच फार मोलाची वाटली, आणि इतकी वर्षे येथे काढल्यावरही ते मत बदललेले नाही.

2024 च्या जून महिन्यात टोकियोच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लागली, तेव्हा मात्र या व्यवस्थेची कसोटी पाहिली गेली. चौकोन आखलेले होते 48, आणि 20 जून रोजी उमेदवार उभे राहिले 56. तेव्हा उरलेल्या उमेदवारांना निवडणूक कार्यालयाने पारदर्शक प्लॅस्टिकची पाकिटे देऊन, आपले चित्र त्यांत घालून फलकाच्या कडेला टाचण्याची तजवीज केली. एका पक्षाने वीसहून अधिक उमेदवार उभे करून त्यांच्या वाट्याचे चौकोन देणगीदारांच्या हवाली केले, त्यामुळे काही फलकांवर एकच चित्र ओळीने चिकटविलेले आणि त्यात उमेदवाराचा मागमूसही नाही, असा प्रकार दृष्टीस पडू लागला. लोकांना तो मुळीच आवडला नाही, आणि 2025 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, चित्रावर उमेदवाराचे नाव असलेच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. मला मात्र अधिक विचार करावयास लावले ते शेवटपर्यंत रिकाम्या राहिलेल्या चौकोनांनी. टोकियोभर असे फलक सुमारे 14,000 ठिकाणी उभे असतात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन चित्र चिकटविण्याइतकी माणसे ज्याच्या पाठीशी नाहीत, त्याला कायद्याने दिलेली जागा तशीच पावसात भिजत राहते. हक्क कागदावर असणे आणि तो बजावण्याचे सामर्थ्य अंगी असणे यांतील अंतर मी शाळेत मुलांना अनेक वेळा समजावून सांगितले आहे. त्या पावसाळ्यात ते मला रोज शाळेच्या वाटेवर दिसत होते.

मी एदोगावा विभागात, निशिकासाई स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर राहतो आणि जवळच्याच एका भारतीय शाळेत गणित शिकवितो. शिक्षकसंख्या मर्यादित असल्यामुळे नववी-दहावीच्या नागरिकशास्त्राचे तासही माझ्याकडे असतात. सन 2000 च्या सुमारास संगणकांच्या वर्षबदलाच्या अडचणीमुळे भारतीय अभियंते मोठ्या संख्येने येथे आले. ओतेमाचीच्या कचेऱ्यांकडे जाणारा तोझाई रेल्वेमार्ग येथून थेट, आणि जामीन राहणारा मनुष्य न मागता घर भाड्याने देणारी अर्धसरकारी वसाहत स्थानकाच्या जवळच, अशी दुहेरी सोय असल्यामुळे ते येथेच स्थिरावले. आज टोकियोच्या कोणत्याही विभागापेक्षा अधिक भारतीय या विभागात राहतात. वसाहतीच्या अंगणात संध्याकाळी तेलुगू, तमिळ, हिंदी आणि मराठी या चारही भाषा कानी पडतात, किराण्याच्या दुकानात ज्वारीचे पीठ मिळते, आणि मराठी मंडळींचा गणेशोत्सवही दरवर्षी होतो. एवढा सगळा संसार ज्या शहरात उभा राहिला, त्या शहराच्या मतदारयादीत मात्र आमच्यापैकी जवळजवळ कोणाचेच नाव नाही.

फलकांच्या मागोमाग येतात त्या प्रचारगाड्या. टपावर कर्णे बसविलेल्या, खिडक्यांतून पांढरे हातमोजे घातलेले हात हालविणाऱ्या या गाड्या सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत फिरतात आणि उमेदवाराचे नाव पुनःपुन्हा पुकारतात. त्याखेरीज फारसे काही बोलत नाहीत. आरंभी मला याचे नवल वाटे, की इतका खर्च करून हे लोक आपला एकही विचार का सांगत नाहीत. परंतु चालत्या गाडीतून नामघोषाव्यतिरिक्त प्रचार करण्यास कायद्याचीच मनाई आहे, भाषण करावयाचे तर गाडी उभी करावी लागते, हे समजल्यावर ते नवल ओसरले. घरोघर जाऊन मते मागणे तर येथे सर्वस्वी निषिद्ध आहे. म्हणजे आपल्याकडे निवडणुकीचा जो प्राण समजला जातो, तो उंबऱ्यापर्यंत येऊन हात जोडणारा उमेदवार येथे नाहीच. आहे तो रस्त्यावरून दुरून ऐकू येणारा आवाज, आणि तो आवाज यादीत नाव असलेल्या व नसलेल्या अशा सर्वांच्या घरांत सारखाच शिरतो. शाळा व रुग्णालये यांच्या आसपास शांतता राखण्याची काळजी घ्यावी, असेही त्याच कायद्यात म्हटले आहे, आणि बहुतेक गाड्या आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर आल्या की आवाज उतरवितात.

एके दिवशी असा उतरविलेला आवाज खिडकीखालून जात असता माझा नववीचा तास चालू होता आणि पाठ होता निवडणुकीचाच. भारतीय संविधानाच्या 326 व्या अनुच्छेदातील प्रौढ मताधिकार मी फळ्यावर लिहीत होतो: धर्म, वंश, जात, लिंग यांपैकी कोणत्याही कारणावरून मतदारयादीतून कोणास वगळता येणार नाही, हा 325 व्या अनुच्छेदाचा आशयही त्याला जोडून सांगत होतो. गाडी दूर गेल्यावर मधल्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, हे जे बोलत गेले ते आपल्याला उद्देशून नव्हतं ना?" मुलगा पुण्याचा, परंतु येथे आला तेव्हा चालावयासही लागला नव्हता, त्याच्या लेखी शहर म्हणजे टोकियो आणि पुणे म्हणजे आजीचे घर. मी म्हणालो, "ते या शहराला उद्देशून होतं, आणि आपण या शहरात राहतो." त्याने मान डोलावली, पण पुढच्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, "मग आपलं नाव त्यांच्या यादीत का नाही, सर?" तो सारा तास त्या एका प्रश्नावर गेला, आणि पाठ्यपुस्तकातील प्रकरण पुढच्या आठवड्यात पुरे करावे लागले.

यादी या वस्तूशी माझा संबंध जुना आहे. सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित विद्यालयात मी नोकरीला होतो तेव्हा निवडणूक म्हणजे आम्हा शिक्षकांना तहसील कचेरीतून येणारा हुकूम, आणि तो आला की घरचे लग्नकार्य असले तरी हजर व्हावेच लागे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत पाटण तालुक्यातील डोंगराच्या कुशीतल्या एका गावी माझी नेमणूक मतदान अधिकारी क्रमांक दोन म्हणून झाली. आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या मंडपात यंत्रे, मोहोरा, लाख, पाकिटे, नमुने यांची यादीबरहुकूम मोजदाद करून घेऊन आम्ही एसटीने गावात पोचलो, शाळेच्या खोलीत सतरंजीवर रात्र काढली, आणि पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष अभिरूप मतदान घेऊन, यंत्र पुन्हा शून्यावर आणून, मोहोरबंद केले. क्रमांक एकच्या अधिकाऱ्याने यादीतील नाव मोठ्याने वाचावयाचे, मी नोंदवहीत अनुक्रमांक घालून सही अथवा अंगठा घ्यावयाचा, डाव्या तर्जनीला शाई लावावयाची आणि चिठ्ठी द्यावयाची, क्रमांक तीनने शाई पाहून यंत्राची कळ दाबावयाची, असा तो क्रम दिवसभर चालला.

म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी ती शाई 1962 पासून वापरात आहे. नखाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या सांध्यापर्यंत तिची रेघ ओढावयाची असते. दुपारच्या सुमारास वरच्या वाडीवरून उतरून आलेला एक म्हातारा माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला तेव्हा दिसले, की डाव्या हाताची तर्जनी मुळापासूनच नाही. कडबा तोडण्याच्या यंत्रात गेली, असे त्याने सांगितले, आणि मग किंचित घाबऱ्या आवाजात विचारले, "मास्तर, बोट न्हाई म्हून मत ऱ्हाईल का वो माजं?" केंद्राध्यक्षांनी हस्तपुस्तिका उघडली, तर्जनी नसेल तर त्याच हाताच्या दुसऱ्या बोटास शाई लावावी, असे तीत स्पष्ट लिहिलेले होते. मी त्याच्या मधल्या बोटाला शाई लावली. त्या बोटाची कातडी इतकी राठ व भेगाळलेली होती, की शाई भेगांतून उतरत गेली आणि नखावर ती धरेना, तेव्हा काडी दुसऱ्यांदा बुडवून रेघ पुन्हा ओढावी लागली, आणि ती वाळेपर्यंत म्हातारा हात टेबलावर तसाच पसरून, अतिशय गंभीर मुद्रेने तिच्याकडे पाहत उभा राहिला. वेळ संपताना दाराबाहेर रांग शिल्लक होती. अशा वेळी शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे येत येत चिठ्ठ्या वाटावयाच्या असतात, म्हणजे त्याच्यामागे नवा कोणी येऊन उभा राहत नाही आणि जो वेळेत आला त्याचा हक्क बुडत नाही. एका शेतकऱ्याच्या तुटलेल्या बोटाची आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाची आगाऊ काळजी वाहणारा तो कायदा ज्यांनी लिहिला, त्यांच्याविषयी त्या रात्री मला जी कृतज्ञता वाटली, ती मी नोकरीत इतर कोणत्याही कामी अनुभवलेली नाही.

अशा अनुभवातून आलेल्या माणसाचे कुतूहल साहजिकच येथील मतदान कसे होते इकडे वळले. येथे यंत्र नाही, चिन्हांची यादी नाही. मतदार कोऱ्या मतपत्रिकेवर पेन्सिलीने उमेदवाराचे नाव स्वतःच्या हाताने लिहितो; ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी कर्मचारी लिहून देतात. नाव लिहिताना मतदाराला अडखळावे लागू नये म्हणून कितीतरी उमेदवार आपले नाव चिनी चित्राक्षरांऐवजी सोप्या हिरागाना लिपीत छापतात. मतपत्रिकेचा कागदही विशेष प्रकारचा, कृत्रिम, घडी घातली तरी पेटीत पडल्यावर आपोआप उलगडणारा. त्यामुळे मोजणाऱ्यांचा वेळ वाचतो. आणि मतदानकेंद्रात सर्वांत प्रथम येणाऱ्या मतदाराला पेटी रिकामी असल्याची खात्री करून घेण्याचा मान मिळतो, म्हणून काही उत्साही मंडळी अंधार असतानाच दारात येऊन बसतात. हे सारे मला येथील सहकाऱ्यांनी सांगितले, काही मी वाचून जाणले.

त्यांतील एक गोष्ट तर मी थेट गणिताच्या वर्गात नेली. एकाच आडनावाचे दोन उमेदवार उभे असता मतदाराने केवळ आडनाव लिहिले, तर ते मत बाद न ठरविता दोघांना त्यांच्या इतर मतांच्या प्रमाणात वाटून दिले जाते, आणि म्हणून येथील निकालपत्रात मतांच्या आकड्यांपुढे दशांशचिन्ह देऊन तीन स्थळांपर्यंत अपूर्णांक छापलेले आढळतात. मी मुलांना उदाहरण घातले: एकाला 1,000 मते, दुसऱ्याला 700, आणि नुसत्या आडनावाची 10. मुलांनी वाटणी केली. पहिल्याच्या वाट्याला 5.882 आली, दुसऱ्याच्या 4.117, आणि बेरीज भरली 9.999. पुढची स्थळे सोडून देण्याचा नियम असल्यामुळे एका मताचा हजारावा भाग कोणाकडेच गेला नाही. यावर वर्गात जो वाद माजला, तो मी कधी विसरणार नाही. तो हजारावा भाग मोठ्या उमेदवाराला द्यावा, लहान उमेदवाराला द्यावा, त्याची चिठ्ठी टाकावी, अशा नाना सूचना आल्या. तो भाग निकालपत्रात निराळा दाखविला जातो, असे मी सांगितले तेव्हा कोठे त्यांचे समाधान झाले. ज्या मुलांना या शहरात मत नाही, ती दुसऱ्या कोणाच्या मताचा हजारावा भाग हरवू नये म्हणून इतक्या पोटतिडकीने भांडत होती, हे पाहून मला त्यांचा अभिमान वाटला.

सकाळी स्थानकाच्या दारात उमेदवार स्वतः उभे असतात. आठ वाजण्यापूर्वी कर्णा लावता येत नाही, म्हणून नुसत्या गळ्याने "सुप्रभात, कामावर सुखरूप जाऊन या" असे म्हणत ते जिन्याकडे धावणाऱ्या प्रत्येकापुढे कमरेत वाकतात, आणि छातीवर नावाचा पट्टा घातलेल्या त्यांच्या बाजूला कार्यकर्ते पत्रके वाटीत असतात. एका सकाळी रांगेने पत्रके देत चाललेल्या एका प्रौढ बाईंचा हात माझ्यापाशी येऊन क्षणभर थबकला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, पत्रकाकडे पाहिले, किंचित संकोचाने नमस्कार केला आणि पत्रक मागच्या गृहस्थांना दिले. मला त्यात यत्किंचितही अपमान वाटला नाही, कारण त्या पत्रकांच्या कोपऱ्यावर निवडणूक कार्यालयाची लहानशी चिकटपट्टी असते, ती लावल्याखेरीज पत्रक वाटता येत नाही, आणि तिची संख्या कायद्याने ठरवून दिलेली आहे, हे मला ठाऊक होते. मोजून मिळालेला कागद ज्याच्या हाती मत आहे त्यालाच द्यावा, हा त्या बाईंचा हिशेब रास्त होता. तरी जिना उतरताना मनात आले, की कचरा कोणत्या वारी उचलावा, पाळणाघरांत जागा किती असाव्यात, वसाहतीतील म्हाताऱ्यांची देखभाल कोणी करावी, असे त्या कागदावरचे सारे प्रश्न माझ्याही घरचे होते, आणि तो कागद वाचून त्यावर विचार करणारा एक वाचक त्यांनी गमावला. संध्याकाळी स्थानकाजवळच्या बाकावर कोणी टाकून दिलेले तेच पत्रक मी उचलले आणि शब्दकोश जवळ घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

कायद्याची स्थिती सरळ आहे. मताधिकार जपानी नागरिकांचा. येथे कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या परकीयालाही तो नाही. 1995 च्या फेब्रुवारीत येथील सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की संविधान परकीयांना हा अधिकार देत नाही, परंतु ज्यांचा स्थानिक जीवनाशी दीर्घकाळचा निकट संबंध जडला आहे अशा कायम रहिवाशांना स्थानिक संस्थांपुरता तो कायदा करून देण्यास संविधानाची हरकतही नाही. दार उघडण्यास मुभा आहे, परंतु आजवर संसदेने ते उघडलेले नाही. त्याहून जुना एक निवाडा मला शिक्षककक्षात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितला, तो 1978 सालचा. रोनाल्ड मॅकलीन नावाचा अमेरिकन येथे इंग्रजी शिकवीत असे. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चांत तो सामील झाला, आणि त्याच्या वास्तव्याची मुदत वाढवून देण्यास सरकारने नकार दिला. न्यायालयाने परकीयांनाही राजकीय मतप्रदर्शनाचे स्वातंत्र्य असल्याचे मान्य केले, तथापि मुदतवाढीच्या वेळी अशा कृत्यांचा विचार करण्यास सरकार मोकळे आहे, असेही ठरविले. त्याच्याच पेशातल्या मला हा निवाडा वाचून बराच वेळ दुसरे काही सुचले नाही.

यातून बाहेर पडण्याची एक वाट म्हणजे जपानी नागरिकत्व घेणे, आणि ती वाट आमच्याच विभागात एका मराठी माणसाने चालून दाखविली. योगेंद्र पुराणिक यांनी 2012 मध्ये नागरिकत्व घेतले आणि 2019 च्या एप्रिलमध्ये ते एदोगावाच्या विभागसभेवर सहा हजारांहून अधिक मते मिळवून निवडून आले. भारतात जन्मलेला मनुष्य जपानमध्ये लोकप्रतिनिधी झाल्याचा तो पहिलाच प्रसंग होता. त्या आठवड्यात वसाहतीतील भारतीय घरांत विलक्षण आनंद होता. वस्तुतः त्यांतील फारच थोड्यांनी त्यांना मत दिले होते, कारण मत देण्याचा अधिकारच त्यांना नव्हता, म्हणजे ते निवडून आले ते मुख्यतः जपानी शेजाऱ्यांच्या विश्वासावर. मला ही गोष्ट दोन्ही बाजूंनी महत्त्वाची वाटते. परंतु त्या वाटेने जावयाचे तर भारताचे पारपत्र परत करावे लागते, दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीत, आणि पाटणच्या त्या खोलीत बसलेल्या माणसाला ते जमत नाही. हा माझा निर्णय आहे, आणि त्याची किंमत मी समजून दिली आहे. मात्र एका देशाचा नागरिक राहूनही ज्या गावात दीर्घकाळ नांदलो त्या गावच्या पाणी-कचरा-शाळांविषयी मत देता आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. राष्ट्राची धोरणे ठरविण्याचा अधिकार मी मागत नाही.

कारण येथले हे प्रश्न खरोखर जिवावर बेतणारे आहेत. एदोगावा विभागाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे; पश्चिमेला अराकावा, पूर्वेला एदो नदी आणि दक्षिणेला टोकियोचा उपसागर. 2019 मध्ये विभागाने घरोघर पाठविलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावर, येथे थांबणे धोक्याचे आहे, अशा अर्थाचे वाक्य नकाशातील आपल्याच भूमीवर छापले होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मोठे वादळ आले तेव्हा हजारो लोक शाळांच्या इमारतींत जाऊन राहिले. आम्हीही गेलो. बांध किती उंच करावा, कोणत्या शाळेत किती माणसे सामावावीत, सूचना कोणकोणत्या भाषांत द्याव्यात, हे ठरविणारे लोक त्या चौकोनांतून निवडले जातात, आणि पाणी आले तर ते यादी पाहून येणार नाही. उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्के निवासीकर आम्ही भरतो, त्यातील सहा विभागाकडे आणि चार महानगराकडे जातात. त्याचा वार्षिक तपशील असलेला लांबट कागद उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळेचे हिशेबनीस माझ्या हाती देतात. 2012 पासून आमची नावे जपानी रहिवाशांबरोबर एकाच निवासनोंदणीत घातली गेली आहेत. म्हणजे दप्तरात रहिवासी म्हणून आमची नोंद पक्की आहे, वसुलीच्या वहीतही पक्की आहे.

2024 च्या त्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीचे मतदान 7 जुलै रोजी झाले. तो तानाबाताचा दिवस; बांबूच्या फांद्यांना लोक आपल्या इच्छा लिहिलेल्या रंगीत पट्ट्या बांधतात. समोरच्या प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत केंद्र होते, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाई कडक उन्हात छत्री घेऊन काठी टेकीत तिकडे निघाल्या होत्या. उन्हामुळे मी त्यांना फाटकापर्यंत सोबत केली, त्या आत जाऊन आल्या, आणि परत येताना वाटेत पाळणाघरांपासून ते आपल्या गुडघ्यांपर्यंत बरेच बोलल्या. मत कोणाला दिले ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. रात्री आठला केंद्रे बंद झाली आणि गव्हर्नर युरिको कोइके तिसऱ्यांदा निवडून आल्याचे लगेचच जाहीर झाले.

त्याच उन्हाळ्यात बारावीतील एक विद्यार्थिनी अठरा वर्षांची झाली. 1 जुलै 2024 या अर्हता दिनांकावर महाराष्ट्रात याद्यांची फेरतपासणी होणार होती, तेव्हा ती शाळा सुटल्यावर माझ्याजवळ बसून अनिवासी मतदाराचा सहा-अ क्रमांकाचा अर्ज भरू लागली. पारपत्रावर पत्ता कोथरूडचा. 2010 च्या दुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदविता येते, मत मात्र तेथे प्रत्यक्ष जाऊनच द्यावे लागते. मुखत्यारामार्फत मत देण्याची तरतूद असलेले विधेयक 2018 मध्ये लोकसभेत संमत झाले, परंतु राज्यसभेत ते मंजूर झाले नाही आणि पुढच्या वर्षी व्यपगत झाले. ही तरतूद पुन्हा मांडली जावी असे मला मनापासून वाटते. 20 नोव्हेंबरला महाराष्ट्रात मतदान झाले तेव्हा ती मुलगी पूर्वपरीक्षेच्या तयारीत असल्याने जाऊ शकली नाही, आणि विमानाचे भाडे देणे तिच्या वडिलांनाही सोपे नव्हते.

नववीच्या वर्गाने तोपर्यंत दुसरेच काम अंगावर घेतले होते. सरकारदरबारी विनंतीअर्ज करण्याचा अधिकार जपानच्या संविधानाने नागरिकत्वाची अट न घालता प्रत्येकाला दिला आहे, हे त्या दिवशीच्या चर्चेत निघाले होते, आणि पूर आल्यास आश्रयाला जावयाच्या शाळांतील सूचना सोप्या जपानीत आणि इंग्रजीतही लावाव्यात, असा अर्ज विभागसभेकडे करावयाचे मुलांनी ठरविले. मजकूर त्यांनीच लिहिला. जपानीच्या शिक्षिकांनी तपासून दिला. कोणत्या शाळेत कोणती सूचना कोठे आहे हे पाहण्यासाठी मुले सुट्टीत सायकलींवरून हिंडली, आणि ज्या शाळांतील सूचना उत्तम होत्या त्यांचाही उल्लेख अर्जात असावा, असा त्यांचा आग्रह होता. विभागाच्या कचेरीतील कारकुनांनी अर्जाची पाने मोजली, पोच दिली, आणि अर्ज कोणत्या समितीकडे जाईल ते नम्रपणे समजावून सांगितले. समितीची बैठक शरद ऋतूच्या अधिवेशनात, शाळेच्याच दिवशी ठेवलेली होती. मुख्याध्यापकांकडून मी वर्गासाठी अर्ध्या दिवसाची परवानगी काढली, आणि मुले वह्या घेऊन श्रोत्यांच्या बाकांवर जाऊन बसली.